विश्लेषण : थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर आवाज का बिघडतो?

थायरॉइडची शस्त्रक्रिया झाली, जखम भरली, तरी आवाज घोगराच राहिला की संशय सर्जनवर जातो. भूल देताना घातलेल्या नळीमुळे बसलेला आवाज काही दिवसांत सुटतो. नसेला इजा झाली असेल तर महिने लागतात, क्वचित तो परततच नाही.

नस चुकते कशी? स्वरयंत्र हलवणारी ही नस मेंदूकडून सरळ तिथे येत नाही. ती आधी खाली उतरते, डावीकडे छातीतल्या महाधमनीला आणि उजवीकडे हाताच्या धमनीला वळसा घालून वर चढते आणि थायरॉइडच्या मागून स्वरयंत्रात शिरते. हा झाला पुस्तकातला नकाशा. प्रत्यक्षात अनेकांत ती आधीच दुभंगते. शंभरात जेमतेम एखाद्याच्या उजव्या बाजूला तर वळसाच नसतो. गर्भातच हाताची धमनी भलत्या जागेवरून निघाल्याने नस मानेतूनच आडवी जाते आणि सर्जनला रक्तवाहिनी वाटू शकते. सीटी स्कॅनमध्ये ही धमनी दिसते, अर्थात कुणी पाहिली तर.

वरच्या बाजूची दुसरी बारीक नस दुखावली तर बोलणे ठीक राहते, उंच स्वर मात्र लागत नाही. शिक्षक, गायक, कीर्तनकारांनी आपला पेशा आधीच सांगावा.

आता सौम्य विद्युतप्रवाहाने नस ओळखणारी यंत्रे आली आहेत. ती मदत करतात, नस डोळ्यांनी शोधण्याला पर्याय नाहीत. शस्त्रक्रियेआधी दुर्बिणीतून स्वरतंतू तपासले नसतील, तर दोष आधीचा की नंतरचा, हा वाद सुटत नाही.