कोंबडी दिली, पण परस कुठे आहे?

मागच्या महिन्यात एका जुन्या मित्राने मला त्याच्या फार्महाऊसवर नेले. शहरापासून दीड तासावर एक एकर जागा. सिमेंटचे छोटे तळे, त्यात आठ-दहा बदके, जाळीच्या खुराड्यात गावठी कोंबड्या, दोन शेळ्या, कडेला शेवगा आणि पपई. दोन अंडी उकडून समोर ठेवली आणि म्हणाला, "हे तुमच्या लोकांनी का करू नये? याला जमीन लागत नाही. परसात होतं."

मित्र मनाने वाईट नाही. पण हेच वाक्य मी पशुसंवर्धनाच्या शिबिरात ऐकले आहे, बचत गटाच्या बैठकीत ऐकले आहे, एनजीओच्या माहितीपत्रकात वाचले आहे. भूमिहीनांसाठी परसातील कुक्कुटपालन, भूमिहीनांसाठी शेळीपालन. एक एकरावर उभे राहून "जमीन लागत नाही" म्हणणे सोपे असते. म्हणून आज या एका वाक्याचाच हिशोब मांडतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी कोंबडीच्या विरोधात लिहीत नाही. कोंबडीने मला शिकवले आहे. आई पाच-सहा कोंबड्या पाळायची. एखादी खुडूक झाली की टोपलीत भुसा घालून तिच्याखाली बारा-तेरा अंडी बसवायची आणि एकवीस दिवस कुणाला त्या कोपऱ्यात फिरकू द्यायची नाही. वर घार, खाली मुंगूस, रात्री मांजर. यातून जगलेली पिल्ले मोठी झाली की बाजारात. दहावीच्या परीक्षेची फी एका कोंबड्याची होती. हा पैसा बापाच्या हातात जात नसे, उधारीत वळता होत नसे. तो आईचा होता. आमच्या वस्तीतल्या बायांच्या हाती स्वतःचा म्हणावा असा दुसरा पैसाच नव्हता.

पण कोंबडी चरणार कुठे? आमच्या घरामागे परस नव्हते, चार हातांवर दुसऱ्याचा बांध होता. पेरणी झाली की कोंबड्या डालग्याखाली कोंडायच्या. एका साली दोन दिवस डालगे उघडे राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी वस्तीतल्या अकरा कोंबड्या बांधाच्या कडेला मेलेल्या. ज्वारीच्या दाण्यांना औषध चोळून टाकले होते. तक्रार कुणी केली नाही, कारण वस्तीतली निम्मी माणसे त्याच शेतात कामाला होती. आईने त्या कोंबड्या पुरल्या आणि शेजारणीला म्हणाली, "चूक आपलीच, कोंबड्या आपल्या होत्या."

हे वाक्य मला आजही झोपू देत नाही. चूक कोंबड्यांची नव्हती आणि आईचीही नव्हती. वस्ती इतक्या चिंचोळ्या जागेत कोंबली होती की पाय बाहेर टाकला की अतिक्रमण, ही चूक होती.

आता सरकारचाच हिशोब घ्या. अनुसूचित जाती-जमातींसाठी ७५ टक्के अनुदानावर दहा शेळ्या आणि एक बोकड असा गट मिळतो. शेळीपालनाचे कुठलेही मार्गदर्शन उघडा, एका मोठ्या शेळीला साधारण दहा चौरस फूट निवारा आणि वीस चौरस फूट मोकळी जागा सांगितलेली असते. अकरा जनावरांना ३३० चौरस फूट झाले. आणि त्याच माणसाला सरकार घरकुल किती देते? २६९ चौरस फूट. म्हणजे शासनाच्या हिशोबात एका नवबौद्ध कुटुंबापेक्षा त्याच्या शेळ्यांना जास्त जागा लागते. घरकुलाला जागाच नसेल तर ती विकत घ्यायला अर्थसाहाय्याची योजना आहे, तिची मर्यादा ५०० चौरस फूट. त्यातून घर वजा करा, उरले २३१. न्हाणी, चूल, सरपण, सायकल कुठे ठेवायची ते सोडून द्या. शेळ्याच मावत नाहीत.

त्यापुढचा विनोद अर्जात आहे. या योजनांच्या कागदपत्रांच्या यादीत सातबारा आणि ८-अ आहे. नावावर जमीन नसेल तर घरच्यांचे संमतिपत्र, नाहीतर दुसऱ्याची जमीन भाड्याने घेतल्याचा करारनामा. ज्याच्या बांधावर आमच्या कोंबड्या मेल्या, त्याच्याच दारात करारनाम्यासाठी उभे राहायचे. ते नाही जमले की उरते अर्धली. शेळी पाटलाची, राखायची आमच्या बाईने, पिल्ले निम्मी-निम्मी. शेळी मेली तर मात्र दोष पुरता राखणारणीचा.

तरीही शेळी जगत होती, कारण गायरान होते. पूर्वीच्या वस्तीला परस नसले तरी गायरान हेच तिचे परस होते. त्याचे काय झाले? पाणलोटाच्या आणि आदर्श गावाच्या नावाखाली चराईबंदी आली. कुऱ्हाडबंदी, नशाबंदी यांच्या रांगेत बसवल्याने ती मोठी पुण्याची वाटते. डोंगर हिरवा झाला, विहिरींना पाणी आले, मान्य. पण विहीर कुणाची आणि विकावी लागलेली शेळी कुणाची, हा प्रश्न सत्कार समारंभात कुणी विचारला? पाणी जमीनवाल्याला मिळाले आणि त्याग भूमिहीनाने केला. याला श्रमदान म्हणतात.

गायरान कसून जगणाऱ्यांसाठी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ला आणि पुन्हा १९६४-६५ला भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो माणसे तुरुंगात गेली. त्या दबावाच्या परंपरेतूनच १९९१चा शासन निर्णय आला, १४ एप्रिल १९९०पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा. आज तीस-पस्तीस वर्षांनंतरही कित्येक गावांत ते अर्ज धूळ खात आहेत आणि २०२२मध्ये गायरानावरील अतिक्रमणे काढण्याच्या नोटिसा मात्र पटापट निघाल्या. त्याच गायरानांवर आता सौरऊर्जेचे प्रकल्प उभे राहत आहेत. सूर्यप्रकाशाला आमचा विरोध नाही. पण गायरानात गावातल्या बाईची शेळी अतिक्रमण ठरते आणि कंपनीचे पॅनल विकास ठरतो, हे गणित आम्हाला कुणीतरी समजावून सांगावे.

मित्राच्या बदकांकडे परत येतो, कारण बदक हा पक्षी खरोखर गरिबाच्या कामाचा आहे. गोगलगायी, किडे, पाणगवत खातो. मानमोडीसारखा रोग कोंबड्यांचे खुराडे दोन दिवसांत साफ करतो, त्यापुढे बदक बरेच टिकते. खाकी कॅम्पबेल जातीची बदकी वर्षाला अडीचशे-तीनशे अंडी देते. ती स्वतः अंड्यांवर बसत नाही, पण तिची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवली तर अठ्ठावीस दिवसांत पिल्ले निघतात. पूर्व विदर्भात मामा तलाव आहेत, कोकणात भातखाचरे आहेत. मग वस्तीत बदके का दिसत नाहीत? तळ्याकडे बघा म्हणजे कळेल. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता, माणसांना होता. आज माणसाला कायद्याने मज्जाव नाही. पण वस्तीतली बाई आपली दहा बदके हाकत गावतळ्यावर गेली तर "पाणी घाण केलं" हा आवाज पहिल्या दिवशी उठेल. पाटलाच्या म्हशी त्याच पाण्यात दुपारभर डुंबतात, तेव्हा तो आवाज कुठे असतो?

लसीचेही तेच. मानमोडीची लासोटा लस पिल्लाला पहिल्या आठवड्यात द्यायची असते. कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते, बर्फात आणावी लागते, एकदा विरघळवली की थोड्या वेळात संपवावी लागते. सहा कोंबड्यांची मालकीण शंभराची कुपी कशी आणणार? ठरलेल्या दिवशी पूर्ण वस्तीला एका फेरीत लस देणे हे गावच्या दवाखान्याचे काम आहे आणि त्याला फार पैसाही लागत नाही. पण सरकारी गाडी पोल्ट्री शेडपर्यंत येते, वस्तीत येत नाही. २००६मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा मात्र परसातल्या कोंबड्या मारायला पथके घरोघर पोचली होती. नुकसानभरपाई मारलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच रोगाने मेलेल्यांची नाही. वस्तीत मेलेल्या कोंबडीचा पंचनामा कोण करतो?

आता आपल्याच काही बांधवांशी दोन शब्द. ते म्हणतात, बाबासाहेबांनी गाव सोडायला सांगितले, शेळ्या-कोंबड्यांत काय अडकता? बाबासाहेबांनी मेलेली गुरे ओढणे आणि मृतमांस सोडायला सांगितले, कारण ते काम जातीने लादलेले होते, त्यात नाही म्हणायची सोय नव्हती. १९२८ साली त्यांनी महार वतनाचे बिल आणले तेही या वेठीविरुद्ध. आईच्या कोंबड्या वेठ नव्हत्या. तिला हवे तेव्हा ती विकत होती, नको तेव्हा नाही म्हणत होती. शिकून शहरात गेलेल्या आपण त्या अंड्यांवर मोठे झालो आणि आता त्यांचीच लाज वाटू लागली, तर मग आपल्यात आणि त्या शिबिरातल्या साहेबात फरक तो काय?

बाबासाहेबांची मागणी खुराड्याची नव्हती हे मात्र खरे. १९४७च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहती मागितल्या आणि त्यासाठी पडीक सरकारी जमीन मागितली. आधी जमीन, मग त्यावर काय पाळायचे ते आमचे आम्ही ठरवू, हा तो क्रम. आज तो उलटा केला आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नावाने चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती देणारी सबलीकरण योजना २००४पासून आहे. तिथे विचारा, उत्तर ठरलेले: विकणारा मिळत नाही. मग तोवर पंचवीस तलंगा आणि तीन कोंबडे घ्या, तेही पन्नास टक्के स्वतःचे घालून.

घ्या. कोंबड्या घ्या, शेळ्या घ्या, बदकेही घ्या, हक्काचे आहे ते सोडू नका. पण २६ जानेवारीच्या ग्रामसभेत जाताना तीन कागद लिहून न्या. पहिला, गावच्या गायरानाचा सातबारा आणि त्यावरील १९९०पूर्वीच्या प्रत्येक अर्जाची स्थिती. दुसरा, वस्तीला लागून सामाईक चराईची आणि निवाऱ्याची जागा, मोजणीसह. तिसरा, वस्तीत लस देण्याच्या तारखा. तिन्ही कागद बायांच्या सहीने द्या, पोच घ्या, ठराव इतिवृत्तात आला की नाही ते तिथेच वाचून बघा.

मित्राने निघताना बदकाची सहा अंडी बांधून दिली. ती मी आईला नेऊन दिली. तिने हातात घेऊन उन्हाकडे धरून पाहिली आणि विचारले, "बसवायची म्हटली तर बसवू, पण पिल्लं सोडायची कुठं?"

जय भीम.