मानेवर किती आपटायचं?

जपानमधल्या व्यावसायिक कुस्तीत रिंगचा निवेदक दर पाच मिनिटांनी ध्वनिक्षेपकावरून वेळ पुकारतो. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पंधरा झाली. पूर्वी विसाचा पुकारा आला की मी सावरून बसायची, कारण आता खरी लढत रंगणार हे ठाऊक असायचं. हल्ली विसाच्या पुकाऱ्यालाही दोघं निवांत एकमेकांचे हात पिरगाळत बसलेले असतात. म्हणजे हे आता चाळीस मिनिटांपर्यंत ओढणार, हे कळून चुकतं आणि मी चहा टाकायला उठते.

मी कोल्हापुरात फिजिओथेरपी करते. तालमीतली पोरं माझ्याकडे येतात. कुणाचा गुडघा, कुणाचा खांदा, आणि बऱ्याच जणांची मान. दिवसभर ही शरीरं हाताखालून गेल्यावर रात्री मी जपानी कुस्ती बघते, याचं घरच्यांना नवल वाटत नाही, पण पेशंटना वाटतं. ‘‘म्याडम, ती नुरा कुस्ती हाय की, कशाला बघताय?’’ असं एका पोरानं मला तोंडावर विचारलं. प्रश्न रास्त आहे. तिथे कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असतं, आणि ते लपवायचं काही कारण नाही. उलट न ठरवता झालेल्या लढती काय लायकीच्या होत्या, तेही इतिहासात आहेच. 26 जून 1976 ला तोक्योच्या बुदोकानमध्ये अंतोनियो इनोकी मुहम्मद अलीपुढे उभा राहिला, म्हणजे खरं तर आडवा पडला. पंधरा फेऱ्या पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा झाडत राहिला. निकाल बरोबरीचा. प्रेक्षक चिडले, अलीच्या पायाची दुर्दशा झाली, आणि बघण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्याच डिसेंबरात कराचीत इनोकी गामा पैलवानाच्या पुतण्याशी, अक्रमशी लढला. ती लढत ठरवाठरवीच्या बाहेर गेली असं जाणकार मानतात. शेवट अक्रमचा हात निकामी होऊन झाला. तीही लढत मी पाहिली आहे. दोन माणसं एकमेकांना घाबरून जमिनीला चिकटलेली, एवढंच तिच्यात दिसतं.

तेव्हा ठरलेली आहे म्हणून ती खोटी, हा हिशेब मला मान्य नाही. ठरलेला असतो तो निकाल. पडणं खरंच असतं. रिंगच्या फळ्यांवर पातळसं अस्तर असतं, आणि पाठीवर नीट पडायचं कसं, हे शिकण्यात तिथल्या नव्या पोरांचे महिनेच्या महिने जातात. हनुवटी छातीला टेकवायची, हात पसरून जमिनीवर मारायचे, आघात दोन्ही खांद्यांवर वाटून घ्यायचा. त्याआधी शेकड्यांनी बैठका. कार्ल गॉच नावाच्या बेल्जियममध्ये जन्मलेल्या पैलवानानं आपल्याकडच्या जोर-बैठका तिथल्या पोरांच्या अंगवळणी पाडल्या. त्यामुळे त्यांच्या सरावाच्या चित्रफिती बघताना मला गंगावेस तालमीत उभं असल्यासारखं वाटतं.

माझी तक्रार त्या पडण्याबद्दल आहे. पडण्याची कला जितकी वाढली, तितका तिचा अर्थ पातळ होत गेला.

हे सांगायला एका लढतीपाशी थांबावं लागेल. 9 जून 1995, पुन्हा बुदोकान. ऑल जपान या कंपनीच्या जोडीच्या किताबासाठी मित्सुहारू मिसावा आणि केन्ता कोबाशी एका बाजूला, तोशिआकी कावादा आणि आकिरा ताउए दुसऱ्या बाजूला. बेचाळीस मिनिटांची लढत. लांबीबद्दल कुरकुरणाऱ्या बाईनं बेचाळीस मिनिटांची लढत डोक्यावर घ्यावी, हे विचित्र वाटेल. पण त्या मिनिटांत काय भरलंय ते बघा. कावादा आणि मिसावा एकाच शाळेतले, कावादा एका वर्षानं धाकटा. कुस्ती दोघं तिथेच शिकले, आणि व्यवसायात आल्यापासून थोरला कायम एक पाऊल पुढे. तोवर कावादानं मिसावाचे खांदे एकदाही टेकवले नव्हते. आदल्या वर्षी, 3 जून 1994 ला, त्यानं जिवाचं रान केलं होतं आणि तरीही हरला होता. त्यात 1995 च्या वसंतात कावादाशीच लढताना मिसावाच्या डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलेलं. जूनमध्ये कावादा त्याच डोळ्यावर जातो. कोबाशीचा पाय पट्ट्यांनी गुंडाळलेला, तेव्हा त्या पायावर दोघंही तुटून पडतात. यातलं काहीही निवेदकानं समजावून सांगावं लागत नाही. हॉलमधल्या माणसांना सगळं आठवत असतं.

शेवटाकडे मिसावा पालथा पडलाय, उठता येत नाही. कोबाशी लंगडत, जवळजवळ सरपटत येतो आणि त्याच्या अंगावर आडवा पडतो. मारायची ताकद उरलेली नाही, म्हणून नुसतं झाकायचं. कावादा आणि ताउए त्याला ओढून काढतात, लाथा घालतात, आणि तो पुन्हा पांघरुणासारखा मिसावावर पडतो. जगातल्या कुठल्याही कुस्तीत इतका साधा डाव मी पाहिलेला नाही, कारण तो डावच नाही. मग कावादा मिसावाला उचलून आपटतो, पंचाची तिसरी थाप पडते, आणि इतक्या वर्षांचं देणं फिटतं. त्या लढतीत मानेवरचे आघात नाहीत असं नाही, आहेत. पण प्रत्येकाला कारण आहे, आणि आपटलेला माणूस पुढच्या क्षणी टुणकन उठून उभा राहत नाही.

घोटाळा पुढे झाला. एकदा मानेवर आपटून प्रेक्षक उभे राहिले, की पुढच्या वेळी त्याच आपटण्यावर ते बसून राहतात. मग दोनदा आपटायचं. मग वरच्या दोरावरून. मग रिंगच्या कडेच्या अरुंद पट्टीवरून खाली जमिनीवर. मिसावा आणि कोबाशीनं पुढच्या सात-आठ वर्षांत हा चढता भाव स्वतःच्याच मानांवर मोजला. जानेवारी 1999 मध्ये मिसावाशीच लढताना कावादाचा हात मोडला. मोडक्या हातानं उचललेला मिसावा अर्ध्यात निसटला आणि सरळ डोक्यावर पडला. हा उघड अपघात. पण चाहत्यांनी त्याला नाव दिलं, तो डाव म्हणून गाजला, व्हिडिओ गेममध्येही गेला. माझ्या धंद्यात असल्या गोष्टीचा रिपोर्ट लिहितात, पोस्टर काढत नाहीत.

आणि 1 मार्च 2003 ची लढत तर आमच्यासारख्यांच्या देव्हाऱ्यात आहे. मिसावा कोबाशीला प्रवेशाच्या उंच वाटेवरून मागे खेचून खाली फेकतो, दोघंही हॉलच्या जमिनीवर. मला ती लढत आवडते का? आवडते. पण तो एक क्षण मी पुढे ढकलून बघते, आणि त्यानं लढतीचं काही बिघडत नाही. उलट सुधारते.

13 जून 2009 ला हिरोशिमात आकितोशी साइतोनं मिसावाला मागून उचलून पाठीवर टाकलं. हा अगदी साधा, रोजचा डाव. मिसावा उठला नाही. मानेतल्या मज्जारज्जूला इजा झाली आणि त्याच रात्री तो गेला. वय 46. तो तेव्हा नोआ कंपनीचा मालकच होता. ऑल जपान सोडून त्यानंच ती 2000 साली काढली होती. मान वर्षानुवर्षं कुरकुरत असताना हॉल भरावा म्हणून रिंगमध्ये उतरत राहिला. त्या शेवटच्या पडण्याला बरेच जण दुर्दैव म्हणतात. मी म्हणत नाही. मानेचे मणके एका रात्रीत संपत नाहीत. आघात साठत जातात, मणक्यांच्या कडा वाढतात, नसांची जागा आवळत जाते. आणि मग एक दिवस असा येतो की कालपर्यंत सहज झेललेलं पडणं आज झेलवत नाही. हे मला एक्सरेत दिसतं, वयाच्या पंचविशीतल्या पोरांच्याही.

यानंतर काही बदलेल असं वाटलं होतं. 2017 साली जे घडलं त्यावरून बदललं म्हणवत नाही. 9 एप्रिलला र्योगोकु कोकुगिकानमध्ये कात्सुयोरी शिबातानं काझुचिका ओकादाच्या कपाळावर स्वतःचं कपाळ असं काही आपटलं की तो आवाज चित्रफितीतही अंगावर येतो. कपाळावरून रक्ताची धार लागली, लोक वेडे झाले. लढत संपल्यावर शिबाता पडद्यामागे कोसळला. मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव, तातडीची शस्त्रक्रिया. महिनाभरात योशिहिरो ताकायामा दुसऱ्या एका कंपनीच्या लढतीत समोरच्याच्या अंगावरून कोलांटी घेण्याचा डाव करताना मानेवर पडला आणि खांद्याखालून लुळा झाला. त्याच्या बाबतीत कुणाचं चुकलं असं म्हणता येणार नाही. पण शिबाताचं डोकं हा ठरवून केलेला प्रकार होता. हात मध्ये घेऊन, खांद्यावर झेलून तोच परिणाम साधता येतो; पिढ्यान्‌पिढ्या पैलवान तसंच करत आलेत. शिबातानं तसं केलं नाही, कारण खऱ्या आघाताला जास्त टाळ्या आहेत असं आम्हीच त्याला शिकवलं होतं.

त्याच वर्षी दुसरं प्रकरण सुरू झालं. अमेरिकन पत्रकार डेव्ह मेल्टझर लढतींना तारे देतो, आणि मोजपट्टी साधारण पाचाची. 4 जानेवारी 2017 ला तोक्यो डोममध्ये ओकादा विरुद्ध केनी ओमेगा, सेहेचाळीस मिनिटं. मेल्टझरनं दिले सहा. जूनमध्ये त्याच दोघांनी साठ मिनिटांची बरोबरी केली, तिला सव्वासहा. पुढच्या जूनमध्ये तासाच्या वर चाललेल्या लढतीला सात. मोजपट्टीच वितळल्यावर बाकीच्यांनी धडा घेतला तो एवढाच, की मोठी लढत म्हणजे लांब लढत. जानेवारीच्या त्या लढतीतली शेवटची पंधरा मिनिटं अफाट आहेत, वाद नाही. पहिली वीस मिनिटं मात्र दोघं घड्याळ भरत होते. ओकादाला ते शोभलं, कारण त्याच्या अंगात ती ऐट आहे. त्याची नक्कल करणाऱ्यांच्या अंगात ती नाही, आणि भोग आम्ही भोगतोय.

‘मग लहान लढती सुरक्षित असतात का?’ असं कुणी विचारेल. नसतात. मला सगळ्यात आवडणाऱ्या लढतींत ऑगस्ट 2013 मधली ओसाकाची इशी-शिबाता लढत आहे. साधारण बारा मिनिटांची. तोमोहिरो इशी हा बुटका, रुंद, मान जवळजवळ नसलेला गडी. त्याच्याकडे बघितलं की कोल्हापूरकराला आपल्याच माणसाची आठवण होते. दोघं पहिल्या सेकंदापासून एकमेकांवर कोपरं आदळतात, कुणी मागे हटत नाही, आणि आपण श्वास घेईपर्यंत संपतं. त्यातही डोकी आपटलीच आहेत, आणि त्यातला शिबाता तोच, चार वर्षांनी शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेलेला. तेव्हा घड्याळ कमी केल्यानं माना वाचतील, असा दावा मी करत नाही. पण बारा मिनिटांत सांगायचं असेल तर काय सांगायचं हे ठरवावं लागतं. चाळीस मिनिटं हाताशी असली की ठरवायची गरज उरत नाही. एक डाव, दोन थापा, पुन्हा एक डाव, पुन्हा दोन थापा, आणि तिसरी पडायच्या आत खांदा उचलायचा. दहाव्या वेळी तो खांदा उचलला जातो तेव्हा तोक्योच्या कोराकुएन हॉलमधली माणसंही पाय आपटायची दमतात.

ओकादा-ओमेगाच्या त्या लढती भरवणाऱ्या न्यू जपान कंपनीलाही हे दिसत असावं. 2023 च्या उन्हाळ्यात जी वन स्पर्धेतल्या साखळी लढतींची मर्यादा तीस मिनिटांवरून वीसवर आणली. मला त्याचा फायदा लगेच जाणवला. पैलवान पाचव्या मिनिटाला कामाला लागत होते, आणि मर्यादेच्या जवळ जाणाऱ्या लढतींत घड्याळाचा धाक खरा वाटत होता. हाच नियम किताबाच्या लढतींना तिसाचा लावा. आणि रिंगच्या कडेच्या पट्टीवर मानेवर टाकणं तर सरळ बंद करा. त्या पट्टीला अस्तरही धड नसतं, आणि त्या डावानं लढत संपल्याचं माझ्या तरी पाहण्यात फारसं नाही. मग एवढी किंमत कशासाठी मोजायची? फार तर मधली दोन मिनिटं रंगवण्यासाठी.

यावर पैलवान चिडतील, आणि त्यांचा तो हक्क आहे. आपलं शरीर, आपला धंदा. तालमीतली पोरंही मला हेच ऐकवतात, आणि मग पुढच्या महिन्यात गळ्यात पट्टा घालून येतात.

2024 च्या ऑक्टोबरात झॅक सेबर ज्युनियर नावाचा इंग्रज पैलवान न्यू जपानचा सर्वोच्च किताब जिंकला. हा सहसा कुणाला डोक्यावर आपटत नाही. मनगट, कोपर, घोटा असा एकेक सांधा पकडून तो माणसाला गाठीसारखा आवळत नेतो, आणि समोरच्यानं थोपटून हार मानेपर्यंत सोडत नाही. प्रेक्षक त्याच्या मागे उभे राहिले. सांध्यांचं काम करणारी बाई म्हणून मी किती खूश झाले असेन, हे सांगायला नको. मग 4 जानेवारी 2025 ला तोक्यो डोममध्ये त्यानं तरुण शोता उमिनोविरुद्ध किताब राखला. लढत चाळीस मिनिटांच्या पुढे गेली. त्यातली पंचवीस मिनिटं सहज काढता आली असती.