एक कळ, दहा कामं

दिवाळीच्या सुट्टीत नातू आठ दिवस राहायला आला होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका रात्री ताटं वाढली, सगळे जेवायला बसलो, आणि आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर त्याचा माणूस आपला एकटाच मासे पकडतोय. गळ टाकायचा, थांबायचं, ओढायचा, पुन्हा टाकायचा.

"अरे, खेळतंय कोण?"

"मॅक्रो लावलाय आजी."

"आणि तू?"

"मी जेवतोय की!"

मॅक्रो म्हणजे एका कळीला पाच-दहा कळांचं काम नेमून देणं. या माशांच्या बाबतीत तर कळ दाबायलाही कोणी लागत नव्हतं. मला आधी हसू आलं आणि मग राग. खेळसुद्धा दुसऱ्याकडून करून घ्यायचा, तर मग खेळायचंच कशाला?

त्याला खरं तर माझा वशिला हवा होता. अंगठ्याखाली बारा बटणं असलेला माऊस हवाय आणि बाबा नाही म्हणतोय. मी म्हटलं, आधी मला समजावून सांग, मग बघू. निवृत्त झाले तरी मास्तरीण ती मास्तरीणच. :-)

आठ दिवसांत बरंच कळलं. २००४ साली 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ आला, त्यात मॅक्रो लिहायची सोय खेळातच दिली आहे. तो २५५ अक्षरांत बसवायचा (आमच्या पोस्टकार्डावरही याहून जास्त मावायचं). समोर शत्रू असेल तर हा मंत्र, मित्र असेल तर तो, इतपत त्याला सांगता येतं. पण मित्राची प्रकृती किती खालावली ते बघ आणि त्याप्रमाणे ठरव, असं नाही सांगता येत. ते डोळ्यांनी खेळणाऱ्यानेच बघायचं. सुरुवातीला एवढी शिस्त नव्हती. 'डिकर्सिव्ह' नावाचं एक जोडसाधन होतं. चाळीस जणांच्या फौजेत कोणाला शाप लागलाय ते तेच शोधायचं आणि उताराही तेच द्यायचं. वैद्याने नुसती एकच कळ बडवत बसायची. डिसेंबर २००६ च्या बदलात कंपनीने ही मुभा काढून घेतली. मला हे फार पटलं. वैद्याचं वैद्यपण निदानात असतं, ते काढून घेतलं तर उरतो तो कंपाउंडर.

दुसरं उदाहरण ताजं आहे. 'काउंटर-स्ट्राइक २' मध्ये पळता पळता गोळी झाडली की नेम चुकतो. म्हणून डावीकडे जाताना ए ही कळ सोडून क्षणभर डी दाबायची, पाय जागच्या जागी थबकतात, आणि त्याच क्षणी गोळी. दोन्ही कळा एकदम दाबल्या गेल्या तर घोटाळा. पोरं याच्यासाठी वर्षानुवर्षं बोटं घासतात. जुलै २०२४ मध्ये रेझर कंपनीच्या कीबोर्डात 'स्नॅप टॅप' नावाची सोय आली. आधीची कळ दाबलेली असली तरी शेवटी दाबली तीच खरी धरायची, म्हणजे घोटाळा व्हायचाच नाही. ऑगस्टमध्ये व्हॉल्व्ह कंपनीने आपल्या सर्व्हरवर असं करणाऱ्याला सामन्यातून बाहेर काढायला सुरुवात केली.

नातू म्हणाला, "सगळ्यांनाच घेऊ दे की तो कीबोर्ड, मग अन्याय कुठे?" बरं, सगळ्यांनी घेतला. मग बोटांनी करायचं काय राहिलं?

त्यावर त्याने मला बरोबर पकडलं. "आजी, तुझे पाढे म्हणजे मॅक्रोच ना? सात आठे छप्पन्न म्हणताना तू कुठे मोजतेस?" खरं आहे. पावकी, निमकी, अडीचकी आम्ही ओसरीवर ओरडून ओरडून पाठ केली ती पुढचं गणित लवकर सुटावं म्हणूनच. पण ती आमच्या तोंडात आम्हीच बसवली होती. याने मॅक्रो आणला होता कोणाकडून तरी उचलून.

आणि त्याचं फळ त्याच आठवड्यात मिळालं. रात्री पाच जण मिळून एका राक्षसावर गेले. राक्षसाने ऐनवेळी वेगळंच काहीतरी केलं. याची कळ मात्र ठरलेल्या क्रमानेच चालत राहिली आणि आत कुठला मंत्र कितवा आहे हे याला माहीतच नव्हतं. सगळे मेले. साथीदार काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्याला बोलावलंच नाही. तोंड एवढंसं झालं होतं.

ते तोंड माझ्या ओळखीचं आहे. दहावीच्या वर्गाला मी वर्षानुवर्षं तयार निबंध लिहून द्यायचे. निकाल चांगला लागायचा, माझं कौतुक व्हायचं. एका वर्षी मी नदीचं आत्मवृत्त दिलं होतं आणि पेपरात आलं फाटक्या पुस्तकाचं. एका मुलीने नदीचंच उतरवलं, अगदी उगमापासून सागरापर्यंत. मराठीत नापास झाली. मला म्हणाली, "बाई, तुम्ही दिला होता तोच लिहिला." यावर मी काय बोलले ते आठवत नाही. बहुधा काहीच नाही.

म्हणून मॅक्रो सरसकट बंद करा म्हणावं, तर तेही जमत नाही. माझ्या उजव्या अंगठ्याला संधिवात आहे, धाकट्या वन्संना ठाऊक आहेच. नातवाने मला वैद्याच्या जागी बसवलं आणि एक मॅक्रो लिहून दिला. बाण ज्याच्यावर न्यायचा त्याच्यावर न्यायचा, एक कळ दाबायची, की औषध त्याला. एरवी त्यासाठी तीनदा बोटं नाचवावी लागली असती आणि अंगठ्यात कळ आली असती ती वेगळीच. ओडिशात कुठेतरी बसलेल्या एका मुलाचे मी दोनदा प्राण वाचवले! कोणाला आधी आणि कोणाला मागून, हे माझं मी ठरवत होते. एकदा चुकीच्यालाही वाचवलं. ज्यांचे हात चालत नाहीत अशांसाठी मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये खास कंट्रोलर काढला. त्यांना कोणी 'चीटर' म्हटलं तर मी भांडायला उभी राहीन.

असो. माऊसचं म्हणाल तर मी मुलाला सांगितलं, घेऊन दे. अट एकच. जो मॅक्रो वापरायचा तो याने स्वतः लिहायचा, आणि त्यातली प्रत्येक ओळ काय करते ते मला मराठीत सांगायचं. जायच्या आदल्या दिवशी वही घेऊन बसला. दोन ओळी छान सांगितल्या. तिसरीला अडला.

माऊस अजून आलेला नाही.