आकडा बरोबर, पण एकक गायब! कापसाचा भाव आणि कोडमधली चूक

२०२५-२६ च्या हंगामात हमीभावानं कापूस विकायचा तर आधी 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी करा, असं सीसीआयनं सांगितलं. त्या हंगामात हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० रुपये होता, मध्यम धाग्याला ७,७१०. म्हणजे अकोला-अमरावतीच्या शेतकऱ्याचा व्यवहार आता मोबाईलवरून सुरू होतो. अशा वेळी कोड आकडे कसे वाचतो, हे महत्त्वाचं ठरतं.

माझीच चूक सांगतो. घरच्यांसाठी मी बाजारभावाचं छोटं वेबपेज बनवलं. त्यात 'अक्षर मोठं करा' असं बटण. बाबांनी ते दाबलं अन् म्हणाले, "काहून रे, मोठं कर म्हटलं त अक्षरच गायब झालं!"

झालं असं, की स्टाइलशीटमध्ये अक्षराचा आकार १.२५ रेम लिहिला होता. रेम म्हणजे पेजच्या मूळ अक्षराच्या किती पट. मूळ आकार सहसा १६ पिक्सेल, म्हणून १.२५ रेम म्हणजे २० पिक्सेल. जावास्क्रिप्टचं 'पार्सफ्लोट' सुरुवातीचे अंक घेतं आणि पुढचं सोडून देतं. मला मिळाले नुसते १.२५. त्याची दुप्पट करून मी पुढे पिक्सेल जोडलं. अडीच पिक्सेलचं अक्षर कोणाला दिसणार?

भावाचंही तसंच. इंग्रजी अंकांत स्वल्पविराम देऊन आठ हजार एकशे दहा लिहिलं, तर 'पार्सफ्लोट' स्वल्पविरामापाशी थांबतं आणि उत्तर देतं फक्त ८. एररही येत नाही! मराठी अंक टाकले तर मात्र 'हा आकडाच नाही' असं उत्तर येतं. पायथॉनला मराठी अंक कळतात, जावास्क्रिप्टला नाही.

उपाय सोपे आहेत. अक्षराचा आकार 'गेटकॉम्प्युटेडस्टाइल'कडून घ्या, तो थेट पिक्सेलमध्ये मिळतो. भावातले स्वल्पविराम काढा, मराठी अंक इंग्रजीत बदला, मग 'पार्सफ्लोट'ऐवजी 'नंबर' वापरा. अंकांसोबत दुसरं काही उरलं तर ते सरळ नकार देतं. चुकीच्या आकड्यापेक्षा नकार परवडला.

बाजार समितीत भाव बोलताना 'क्विंटलमागे' म्हणावं लागत नाही, सगळ्यांना माहीत असतं. कोडला ते माहीत नसतं, सांगावं लागतं. अन् तुम्ही कोड लिहीत नसाल, तरी घरच्यांचा ऑनलाइन फॉर्म भरताना सबमिट करण्याआधी आकडा एकदा मोठ्यानं वाचा. हजारांचे आठ तर झाले नाहीत ना, बघा.