सुकेळी खिंडीतला चंद्र

१९७१ च्या जुलैअखेरीस ‘अपोलो १५’चा कमांडर डेव्ह स्कॉट चंद्रावर गाडी हाकत होता. वेळ संपत आली होती आणि पृथ्वीवरून परतीचा तगादा सुरू होता. तेवढ्यात वाटेत त्याला बारीक बारीक खळग्यांनी भरलेला एक काळा दगड दिसला. थांबायची परवानगी मागितली तर मिळणार नाही, हे त्याला ठाऊक होते. त्याने सीटबेल्ट नीट करायची सबब सांगितली, गाडी थांबवली, खाली उतरून दगड उचलला आणि पुन्हा येऊन बसला. जवळपास एक किलो वजनाचा तो दगड शास्त्रज्ञांमध्ये आजही ‘सीटबेल्ट बेसाल्ट’ म्हणून ओळखला जातो.

नागोठण्याहून कोलाडकडे निघालेली गाडी सुकेळी खिंडीत शिरली की दोन्ही बाजूंना दिसतो तो कातळ याच जातीचा. रायगड जिल्ह्याचा डोंगराळ भाग जवळजवळ सगळा या काळ्या दगडाचा आहे. महामार्गाच्या रुंदीकरणात वर्षानुवर्षे डोंगर कापले गेले, खडीचे डंपर पेण-वडखळ मार्गावर रात्रंदिवस धावले, आणि ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थर उघडे पडले. हा दगड कोणी थांबून हातात घेतला तर त्यातही तसेच खळगे सापडतात. लाव्हा थिजताना त्यातले वायू बुडबुड्यांच्या रूपाने अडकले, त्यांचे ते ठसे. फरक एवढाच, की आपल्याकडच्या खळग्यांत बहुधा पांढरे, कधी गुलाबीसर स्फटिक भरलेले असतात. खाणकामगार त्यांना गारा म्हणतात, शास्त्रज्ञ झिओलाइट. स्कॉटने उचललेल्या दगडातले खळगे मात्र रिकामे आहेत. आपल्या कातळात लाखो वर्षे पाणी झिरपले आणि स्फटिक मागे ठेवून गेले. चंद्राच्या त्या दगडाला ३३० कोटी वर्षांत तसे पाणी भेटलेच नाही. एका ग्रहाची आणि एका उपग्रहाची सारी कथा त्या भरलेल्या आणि रिकाम्या खळग्यांत आहे. ग्रहविज्ञान म्हणतात ते हेच. त्याचे पहिले पाठ्यपुस्तक पेण आणि रोहा तालुक्यांतल्या मुलांच्या शाळेच्या वाटेवर पडले आहे, आणि ते उघडून दाखवणारे कोणी नाही, ही आमची तक्रार आहे.

चांद्रयान-३ चे ‘विक्रम’ २३ ऑगस्ट २०२३ रोजी उतरले, तेव्हा पेणच्या नाक्यावर पेढे वाटले गेले. रोह्यातल्या शाळांनी पडद्यावर तो क्षण दाखवला. पण खरे विज्ञान सुरू झाले ते त्यानंतर. ‘प्रज्ञान’ रोव्हरवर अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने, म्हणजे पीआरएलने, बनवलेले एक छोटे उपकरण होते. त्याने २३ ठिकाणी मातीचे रासायनिक मोजमाप केले. चंद्र जन्मला तेव्हा त्याचा पृष्ठभाग वितळलेल्या खडकाचा महासागर होता, हलकी खनिजे वर तरंगून त्याचे कवच झाले, या सिद्धान्ताला दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशातून मिळालेला हा पहिला प्रत्यक्ष आधार. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या त्या निबंधाचे पहिले लेखक संतोष वडवले हे मराठी नाव आहे. किती शाळांच्या फळ्यावर ते लिहिले गेले?

पुढची कामे याहून मोठी आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने चांद्रयान-४ ला २,१०४ कोटी रुपयांची मंजुरी दिली. चंद्रावरची माती आणि खडक घेऊन परत येणारी ती मोहीम आहे. त्याच बैठकीत शुक्राभोवती फिरणाऱ्या यानाला १,२३६ कोटी मिळाले. जपानबरोबरच्या चांद्रयान-५ लाही नंतर मान्यता मिळाली. यान बांधणारे अभियंते आपल्याकडे आहेत. आणलेला दगड वाचणारी माणसे मात्र अजून थोडी आहेत. दगड वाचायचा म्हणजे त्याचा इतका पातळ काप घ्यायचा, की जाडी मिलिमीटरच्या तीन शतांशाएवढी उरावी आणि प्रकाश आरपार जावा. मग सूक्ष्मदर्शकाखाली तो फिरवताना काळा ठोकळा अचानक निळ्या, नारिंगी, जांभळ्या रंगांनी उजळतो आणि कोणते खनिज आधी थिजले, कोणते मागून, हे दिसू लागते. हे कसब यंत्र विकत घेऊन येत नाही. ते गुरूच्या शेजारी बसून, शेकडो काप पाहून येते. नागपूर जिल्ह्यातल्या काटोल परिसरात २२ मे २०१२ रोजी अशनी पडली. तिच्या एका तुकड्यात पृथ्वीच्या पोटात खोलवर असणारे ब्रिजमनाइट हे खनिज भारतीय संशोधकांना सापडले आणि २०२१ मध्ये ते जगासमोर आले. शेतात पडलेल्या काळ्या तुकड्याला नऊ वर्षांनी वाचा फुटली, ती अशाच डोळ्यांमुळे.

महाराष्ट्राला या शास्त्रात निसर्गाने दिलेली दुसरी देणगी लोणारची. १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर अशनीपाताने बेसाल्टमध्ये पडले. चंद्र आणि मंगळावरचे असंख्य खड्डे बेसाल्टमध्येच आहेत, आणि पृथ्वीवर त्यांच्याशी इतके जुळणारे, इतके सुस्थितीतले विवर दुर्मीळ. म्हणून साऱ्या जगातले ग्रहवैज्ञानिक बुलढाण्याची वाट धरतात.

पण रायगडकरांना लोणारपर्यंत जायची गरज नाही. पेणहून एसटीने तासाभरात अलिबाग येते, तिथली वेधशाळा घ्या. मुंबईच्या कुलाब्यात १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरले, तसे तारांमधल्या प्रवाहाने या नाजूक नोंदी बिघडणार हे तिथले संचालक नानाभाई मूस यांनी ओळखले आणि १९०४ मध्ये वेधशाळा अलिबागला हलवली. मुंबईच्या कुलाब्यातून ती तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात आली, हा योगायोग. इमारतीसाठी पोरबंदरचा दगड आणला, कारण आपल्या काळ्या दगडात लोहाची चुंबकीय खनिजे असतात आणि त्यांनी मोजमाप चुकले असते. जुन्या नोंदींशी नव्या जुळाव्यात म्हणून दोन्ही ठिकाणी दोन वर्षे एकाच वेळी मोजमाप केले. ती सलग मालिका आजतागायत चालू आहे. एवढ्या दीर्घ काळाच्या नोंदी जगात मोजक्याच ठिकाणी आहेत.

त्यांचे मोल कळायला दीडशे वर्षे जावी लागली. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून आलेल्या प्रचंड वादळाने जगभरच्या तारायंत्रांना झटके बसले होते. ते वादळ नेमके किती मोठे होते, हे २००३ मध्ये अमेरिका, ब्राझील आणि भारतातल्या शास्त्रज्ञांनी मिळून काढले. त्यांत पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे जी. एस. लाखिना होते, आणि त्यांच्या हाती होता तो मुंबईच्या कुलाब्यातल्या नोंदवहीतला १८५९ चा आकडा. १० मे २०२४ च्या रात्री लडाखमध्ये हनलेचे आकाश तांबडे झाले, तेव्हाही असेच एक सौर वादळ पृथ्वीवर आदळत होते. पृथ्वीला चुंबकीय कवच आहे म्हणून आपण घरात निर्धास्त झोपलो. मंगळाने ते कवच गमावले आणि त्याबरोबर वातावरणाचाही मोठा हिस्सा. तेव्हा चुंबकसुईचा इतिहास हाही ग्रहांचाच इतिहास आहे. भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय नवीन पनवेलला, कळंबोलीजवळ आहे. रोह्याहून दिव्याकडे जाणाऱ्या गाडीतून रोज कॉलेजला जाणारी कितीतरी मुले त्याच्या जवळून जातात. तिथे पीएचडी करता येते, हे त्यांतल्या कितींना कुणी सांगितले असेल?

माहितीचा हा दुष्काळ आम्हाला सर्वांत बोचतो. बारावी सायन्सला चांगले गुण मिळालेल्या मुलाला घरात, शेजारी, क्लासमध्ये दोनच वाटा सांगितल्या जातात : डॉक्टर किंवा इंजिनीअर. तिसरी वाट म्हणजे बीएस्सी केमिस्ट्री आणि मग धाटावच्या एमआयडीसीत नोकरी. त्या नोकरीने हजारो चुली पेटल्या आहेत, तिला उणे लेखायचे कारण नाही. पण चौथी वाट आहे हे तरी कळावे. फिजिक्स, केमिस्ट्री किंवा भूशास्त्र घेऊन पदवी करावी. पदवीला भूशास्त्र असेल तर ‘जॅम’ परीक्षा देऊन आयआयटी मुंबईत उपयोजित भूशास्त्रात एमएस्सी करता येते. ‘नेट’, ‘गेट’ किंवा ‘जेस्ट’ दिल्यावर पीआरएल, भूचुंबकत्व संस्था, पुण्याचे आयुका अशा संस्थांची दारे उघडतात. तिरुअनंतपुरमच्या अंतराळ संस्थेत बारावीनंतर थेट जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या गुणांवर प्रवेश मिळतो. जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधकाला महिना ३७ हजार रुपये विद्यावेतन आहे. पदवी शिकतानाच उन्हाळ्यात एखाद्या प्रयोगशाळेत दोन महिने काम करण्यासाठी देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्या मिळून शिष्यवृत्ती देतात. हे सगळे जाहीर आहे, पण इंग्रजीत आहे, आणि हमरापूर किंवा तळवलीच्या घरात ते पोहोचत नाही.

पैशाची अडचण येते तिथेही काही गोष्टी फुकट आहेत. चांद्रयान-२ च्या कॅमेऱ्याने टिपलेली, चंद्रावरचा हातभर दगडसुद्धा दाखवणारी छायाचित्रे इस्रोने सर्वांसाठी खुली केली आहेत. ती मोजायची साधनेही विनामूल्य मिळतात. रोह्यातला मुलगा कॉलेजच्या संगणकावर बसून एखाद्या विवराच्या काठावरचे दगड मोजू शकतो, आणि ते काम खरे काम असते.

या वाटेवरचे काटेही सांगितले पाहिजेत, नाहीतर आम्ही मुलांना फसवल्यासारखे होईल. पीएचडीला पाच-सहा वर्षे जातात. पुढे काही वर्षे हंगामी संशोधन करावे लागते आणि कायमच्या जागा थोड्या आहेत. परदेशातही चित्र निश्चिंत नाही. मंगळावर गाड्या फिरवणाऱ्या अमेरिकेतल्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीने फेब्रुवारी २०२४ मध्ये सुमारे ५३० जणांना कमी केले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात आणखी ३२५ जणांना. मुलीला या क्षेत्रात घालू का, असे विचारणाऱ्या पालकाला आमचे उत्तर म्हणून दुहेरी आहे. तिला मनापासून ओढ असेल तर जरूर घाला. आणि या शास्त्रात शिकलेले कसब ग्रहांपुरते राहत नाही, हेही ध्यानात असू द्या.

ते कसब या जिल्ह्याला किती हवे आहे, हे २०२१ च्या जुलैत तळियेने आणि २०२३ च्या जुलैत इर्शाळवाडीने दाखवले. दरड कोसळून घरेच्या घरे डोंगराखाली गेली. उपग्रहाच्या छायाचित्रावरून मंगळावरच्या कड्याचा उतार, भेगा, सुटलेले दगड वाचणारा विद्यार्थी आणि सुधागडच्या एखाद्या वाडीवरचा डोंगर वाचणारा विद्यार्थी एकच विद्या शिकतो. भूशास्त्र हा आपल्याकडे चैनीचा विषय उरलेला नाही. दर पावसाळ्यात जीव मुठीत धरून झोपणाऱ्या वाड्यांचा तो विषय आहे.

आणि तो या मातीला परकाही नाही. ज्यांचे घराणे रोह्याचे, ते चिंतामणराव देशमुख पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री झाले, हे सर्वांना माहीत असते. १९१७ मध्ये केंब्रिजला त्यांनी निसर्गविज्ञानाची पदवी घेतली, तिच्यात वनस्पतिशास्त्र आणि रसायनाच्या जोडीला भूशास्त्र होते, हे फारसे कुणी सांगत नाही. पेणच्या गणपती कारखान्यांत शाडू मळणारा कारागीर ज्या मातीला हाताने ओळखतो, ती किती पाणी पिते, सावलीत न सुकवता उन्हात ठेवला तर गोळा कसा तडकतो, त्याच जातीची चिकणखनिजे तपासत ‘पर्सिव्हरन्स’ ही गाडी २०२१ पासून मंगळावर फिरते आहे. मे महिन्यात खारेपाटातल्या वाळलेल्या खाजणात पडतात तशा भेगा मंगळावर जुन्या तळ्यांच्या चिखलात सापडल्या आहेत. पोराला हे कारखान्यात किंवा बांधावर उभे करून सांगितले, तर मंगळ त्याला लांबचा वाटणार नाही.

म्हणून आमचे मागणे नेमके आहे. पेण किंवा रोह्यातल्या एका तरी विज्ञान महाविद्यालयाने पदवीला भूशास्त्र विषय सुरू करावा आणि त्यासाठी मुंबई विद्यापीठाकडे आत्ताच प्रस्ताव पाठवावा. धाटाव आणि डोलवीच्या कारखान्यांनी सामाजिक दायित्वाच्या निधीतून पहिल्या पाच वर्षांचे शिक्षकांचे वेतन आणि चांगली सूक्ष्मदर्शके द्यावीत. बाके आणि पंखे ते नेहमी देतात, या वेळी हे द्यावे. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने दर २३ ऑगस्टला, राष्ट्रीय अंतराळ दिनी, आठवी-नववीच्या मुलांना अलिबागची वेधशाळा दाखवण्याची व्यवस्था भूचुंबकत्व संस्थेशी बोलून ठरवावी. आणि महामार्गाच्या कापलेल्या डोंगरांपैकी एक चांगला, धोका नसलेला तुकडा सिमेंटचा लेप न लावता तसाच राखावा. शेजारी बस थांबेल एवढी जागा आणि मराठीत एक फलक असावा, म्हणजे थांबायला कुणाला सबब सांगावी लागणार नाही.

‘जॅम’चे अर्ज सहसा सप्टेंबरात निघतात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. उन्हाळी शिष्यवृत्तीचे अर्ज त्याच हिवाळ्यात भरायचे असतात. त्या तारखा जाहीर झाल्या की त्याच आठवड्यात, मराठीत, पहिल्या पानावर छापायचे आम्ही ठरवले आहे.