ड्रोन चोराचा का, हे विचारून झालं. हेलिकॉप्टरच्या वाटेत आला तर काय?

2024 च्या जून-जुलैमध्ये रात्री घिरट्या घालणाऱ्या ड्रोननी जुन्नर, आंबेगाव, शिरूर पट्ट्याची झोप उडवली होती. पोरं काठ्या-बॅटऱ्या घेऊन गस्तीला. चोर टेहळणी करतायत, ही एकच चर्चा. ड्रोनचा दुसरा धोका तेव्हा फारसा कुणाच्या बोलण्यात आला नाही. तो आजही तसाच आहे.

आपल्याकडचं आभाळ आता मोकळं राहिलेलं नाही. उसावर, द्राक्षबागेवर फवारणीचे ड्रोन. बिबट्या शोधायला वनविभागाचे ड्रोन. लग्नाच्या शूटिंगचे, नाणेघाटात रील काढणाऱ्यांचे वेगळेच. त्यात 19 फेब्रुवारीला शिवनेरीवर शिवजयंती, म्हणजे मंत्र्यांची हेलिकॉप्टरं. निवडणूक लागली की प्रचाराची. फवारणीवाल्याचं भय नाही, तो पिकाच्या डोक्यावरून दोन-तीन मीटरवरच चालतो. अडचण आहे ती वर चढणाऱ्याची.

2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे ग्रीन झोनमध्ये 400 फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. हेलिकॉप्टर उतरताना-उडताना नेमकं याच थरातून जातं. नियमात वाट सोडायची जबाबदारी ड्रोनवाल्याची आहे, पायलटची नाही. पण त्याला हेलिकॉप्टर येणार हे कळणार कसं?

मोठ्या विमानांचं बरं असतं. 7 फेब्रुवारी 2018 ला दिल्लीहून पुण्याला येणारं विस्ताराचं आणि मुंबईहून भोपाळला निघालेलं एअर इंडियाचं विमान मुंबईच्या हवाई हद्दीत समोरासमोर आली. उंचीतला फरक उरला होता जेमतेम 100 फूट. टक्कर टाळणारी यंत्रणा कॉकपिटमध्ये ओरडली म्हणून सगळे वाचले. 1996 मध्ये हरियाणातल्या चरखी दादरीजवळ दोन विमानं हवेत धडकून 349 जण गेले, त्यानंतर ही यंत्रणा आपल्याकडे सक्तीची झाली. बाजारातल्या साध्या ड्रोनमध्ये ती नसते. तिथं पायलटचे डोळे हाच काय तो आधार.

आता हिशेब करा. ताशी 180 किलोमीटरने येणारं हेलिकॉप्टर सेकंदाला 50 मीटर कापतं. हातभर ड्रोन 300 मीटरवर दिसला, तरी हातात उरतात 6 सेकंद. तेही दिसला तर.

अमेरिकेत हे घडलंय. जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यावर पाणी टाकणाऱ्या विमानाला एका हौशी माणसाचा ड्रोन धडकला. पंखाला भोक पडलं. विमान सुखरूप उतरलं, पण आग पेटलेली असताना ते जमिनीवर बसून राहिलं. ड्रोनवाल्याने तो अडीच किलोमीटर लांब धाडला होता, नजरेआड.

आपल्याकडे यावर फार खर्चाचा उपाय लागत नाही. हेलिकॉप्टर येणार असेल तेव्हा हेलिपॅडवर बंदोबस्त लागतोच, अग्निशमनची गाडी येते. त्याच दिवशी आसपासच्या गावांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वेळ देऊन ‘इतके ते इतके ड्रोन खाली’ एवढा निरोप पोलीस ठाण्याने टाकला, तरी बरंच काम होईल. व्हीआयपींची वेळ आधी फोडायची नाही, हा सुरक्षेचा मुद्दा रास्त आहे. पण अर्धा तास आधी सांगायला हरकत नसावी. शूटिंगवाल्यांची यादी ठाण्यात असली तर थेट फोनच करता येईल.

नोंदणीचं म्हणाल, तर 250 ग्रॅमपेक्षा जड ड्रोनला नंबर घ्यावा लागतो. मात्र 2024 मध्ये गस्तीवरच्या पोरांना त्याचा उपयोग नव्हता. अंधारात 300 फुटांवरचा नंबर खालून कोण वाचणार?