सपाट भातशिवारात संगणकाच्या अंदाजाला किती वजन द्यावे?

थोड्या ठिकाणची माती प्रयोगशाळेत तपासावी आणि उरलेल्या शिवाराचा नकाशा मशीन लर्निंगने, म्हणजे यंत्र-शिक्षणाने, पूर्ण करावा, ही पद्धत आता जगभर रुळली आहे. नेदरलँड्समधील 'आयएसआरआयसी' या संस्थेचा 'सॉइलग्रिड्स' नकाशा २५० मीटरच्या चौकटींत जगभरच्या मातीचे गुणधर्म दाखवतो. तंत्र स्वागतार्हच आहे. पण त्याच्या अंदाजाला सर्वत्र सारखेच वजन देणे शास्त्राला धरून नाही.

कारण पद्धतीच्या गाभ्यातच आहे. हवामान, सजीव, भूरूप, मूळ खडक आणि काळ या पाच घटकांतून माती घडते, अशी मांडणी हान्स येनी यांनी १९४१ मध्ये केली. संगणक याच घटकांच्या खुणा शोधतो: उंची, उतार, पाऊस, उपग्रहाने टिपलेला जमिनीचा रंग. दख्खनच्या पठारावर या खुणा ठळक असतात. माळावर उथळ मुरमाड जमीन, ओढ्याकाठी खोल काळी. उतार कळला की मातीचा पुष्कळसा अंदाज बांधता येतो.

याउलट तमिळनाडूत कुंभकोणमजवळचे मरुदानल्लूर पाहा. कावेरीने गाळ पसरून घडवलेला हा त्रिभुज प्रदेश. येथे उतार जवळजवळ नाहीच. खाचरांत पाणी, ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पावसाचे ढग. या पट्ट्यात सांबा हंगामाचे भात कापण्याआधीच उभ्या पिकात उडीद-मूग फोकण्याची रीत आहे. त्यामुळे कापणीनंतरही जमीन फार काळ उघडी राहत नाही. उपग्रहाला माती दिसावी तरी कधी? शिवाय २५० मीटरची एक चौकट म्हणजे सुमारे १५ एकर. तेवढ्यात अनेकांचे बांध येतात. उपलब्ध स्फुरद कोणी किती खत घातले यावर बांधागणिक बदलते, आणि ते आकाशातून दिसत नाही.

अचूकतेच्या आकड्यांकडेही विद्यार्थ्यांनी सावधपणे पाहावे. शेजारशेजारच्या नमुन्यांपैकी काही प्रशिक्षणाला आणि काही चाचणीला वापरले, तर यंत्राला उत्तर शेजाऱ्याकडूनच मिळते. एखादे संपूर्ण गाव प्रशिक्षणाबाहेर ठेवून घेतलेली चाचणी अधिक प्रामाणिक.

२०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत मातीचे बारा गुणधर्म तपासले जातात. बागायती क्षेत्रात प्रारंभी अडीच हेक्टरांमागे एक नमुना ठरला होता. नकाशे आले म्हणून नमुने कमी करण्याचा मोह होईल. माझ्या मते सपाट बागायती भागांत ते वाढवायला हवेत, आणि नकाशा जेथे डळमळीत आहे तेथे आधी. सॉइलग्रिड्समध्ये अंदाजासोबत अनिश्चितताही दिलेली असते. गावापर्यंत पोहोचणाऱ्या प्रत्येक नकाशावर ती सोप्या भाषेत छापली पाहिजे. त्या नकाशावरून खताची मात्रा ठरणार असेल, तर त्यातील चुकीची किंमत शेतकऱ्यालाच मोजावी लागेल. ती शक्यता त्याला आधी कळणे हा त्याचा हक्क आहे.